बेडक्याची डबी

पडेगावच्या मंजुळाबाईला खोट्याची सवय नव्हती, तरी तिचं एकच खोटं घराला एवढं भोवलं.

तिच्या मालकाला, सूर्यभानला, टीबी झाला. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला गडी, अन् आता उंबरा ओलांडताना धाप लागायची. पोरगी भागू पहिलटकरीण. पण घरात हा रोग, म्हणून रीत मोडून बाळंतपण सासरी करमाडलाच झालं. नातू झाला. विहीण द्वारकाबाई भली बाई; तिनं सांगून पाठवलं, "रिपोर्ट साफ येऊ द्या, दुसऱ्या दिवशी लेकरू तुमच्या मांडीवर." झालं! त्या दिवसापासून सूर्यभानला दुसरं बोलणंच राहिलं नाय.

दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई टीबीच्या माणसांवर संशोधन करायची. गोळ्यांबरोबर रोज व्यायाम केला तर छातीत दम किती परत येतो, हे तिला बघायचं होतं. दर दोन महिन्यांनी लांब व्हरांड्यात सहा मिनिटं चालवायची अन् किती मीटर झालं ते वहीत लिहायची. सूर्यभानला लई मौज वाटायची. "मेंढरं नायत, काठी नाय, अन् नुसतंच चाला म्हणती!"

त्याच दिवशी तपासणीला बेडक्याची डबीही द्यायची. सकाळचा, छातीतनं काढलेला बेडका पाहिजे. त्या खेपेला सूर्यभाननं खोकून खोकून डोळ्यांत पाणी आणलं, तरी डबी कोरडीच. "मंजुळे, आता अजून दोन महिनं लेकरू दिसत नाय गं," म्हणून तो तोंड धुवायला गेला. तिनं खाकरून स्वतःच डबी भरली. मनात पाप नव्हतं, देवाशपथ नव्हतं. जनावरांचा डॉक्टर चार मेंढरांच्या लेंड्या तपासतो अन् सगळ्या कळपाला औषध पाजतो. आपण तर एका ताटात जेवणारे. माझा काय अन् त्यांचा काय! आता हिला शहाणी म्हणावं का येडी, तुम्हीच सांगा.

रिपोर्ट साफ आला. दुसऱ्या दिवशी भागू लेकरू घेऊन आली अन् माहेरीच राहिली. सूर्यभान त्याचे मुके घ्यायचा, छातीवर निजवायचा. खोकला आला की तोंड फिरवायचा, अन् पुन्हा कवटाळायचा.

पुढच्या खेपेला व्हरांड्यात तो चौथ्या फेरीलाच भिंतीला टेकला.

डॉक्टरीणबाईनं वही चाळली. "बाबा, मागं तीनशे ऐंशी मीटर चाललात, आज दीडशेसुद्धा नाही. बेडका साफ असलेल्या माणसाचं असं होत नाही. गोळ्या चुकवल्या?"

"एक बी नाय."

"मग औषध लागू पडत नसेल. पण ते मागच्या बेडक्यातच दिसायला पाहिजे होतं."

मंजुळाबाई भुईवरच बसली. "बाई, तो बेडका माझा व्हता."

डॉक्टरीणबाई रागावली नाही. दोन शब्द लागट बोलली असती तर मंजुळाबाईला बरं वाटलं असतं. तिनं सूर्यभानला खुर्ची दिली, अन् हळूच विचारलं, "घरात लहान मूल आहे का?"

"नातू हाय," सूर्यभान म्हणाला. "आठ दिस झालं, अंगात ताप हाय. दूध पीत नाय. हिनं दोनदा नजर काढली."

"त्याला आजच घेऊन या," डॉक्टरीणबाई म्हणाली.

सूर्यभान बायकोकडं वळला. शिवी नाय, शाप नाय. तो एवढंच बोलला, "मंजुळे, मी रोज त्याला छातीवर निजवलं गं."