ठिणगीचा आवाज

"हे कुणासाठी आणलंस?" डेल्बर्टने विचारलं. डोनटच्या खोक्यावरून त्याची नजर हलेना.

"कुणासाठी म्हणजे? रीतच आहे ना आपली. मालिकेत नवीन नायक आला की त्याला आवाज देणाऱ्यानं सगळ्यांचं तोंड गोड करायचं. इतकी वर्षं दुसऱ्यांचे फुकट खाल्ले, आज माझे खा." मार्लिसने खोकं टेबलावर ठेवलं, कोट काढला आणि इकडेतिकडे पाहिलं. "बाकीची मंडळी कुठायत?"

अमेरिकेतल्या बर्बँक गावच्या त्या स्टुडिओत कार्टूनचे आवाज सगळे मिळून द्यायचे. अर्धवर्तुळात माइक मांडायचे, एकमेकांच्या तोंडाकडे बघत बोलायचं, मध्येच कुणी हसलं की पहिल्यापासून सुरू. आज काचेपलीकडच्या खोलीत एकच माइक उभा होता आणि त्यापुढे एकच कागद.

मार्लिसने आत जाऊन तो कागद उचलला. 'पोटात लाथ बसते. हात भाजतो. भिंतीवर आपटते. छतावरून पडते, लांब किंकाळी.' तिने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"डेल्बर्ट, यात बोलणं कुठाय?"

काचेपलीकडे डेल्बर्ट प्रुएट चष्मा पुसत बसला. त्याच्या शेजारी ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांपुढे रूबेन होता, तो बिचारा उगाच बटणांकडे बघत राहिला.

मार्लिस हेगडॉर्न हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. तिचा आवाज मात्र दर शनिवारी सकाळी अख्ख्या अमेरिकेतली पोरं ऐकत मोठी झाली होती. पेटलेल्या बसमधून ओरडणारी बाई ती. दुकानदारीण ती, राणीची दासी ती, झाडावर अडकलेली मांजरसुद्धा तीच. नायक आला की "वाचवा" म्हणायचं आणि वाचवल्यावर आभार मानायचे, यात उमेदीची वर्षं गेली. शेवटी पडद्यावर नावं सरकायची त्यात तिचं कधी असायचं, कधी कुणी टाकायलाच विसरायचं.

मग ठिणगी आली. दिवसा गोदीत जहाजांचं वेल्डिंग करणारी बाई, आणि शहरावर संकट आलं की तोच चामड्याचा एप्रन, तोच लोखंडी मुखवटा आणि हातात तीच पेटती ज्योत. चित्रकाराने तिला दंड दिले होते चांगले भरलेले, आणि पायात बूट. मार्लिसने पहिल्याच वाचनात तिला आपल्या आईचा आवाज दिला. आई लढाईच्या काळात खरंच गोदीत वेल्डिंग करायची. संध्याकाळी धुराने घसा बसलेला असायचा, मग ती हळू आणि जड बोलायची, पण बोलली की घरातले सगळे गप्प. डेल्बर्टने तेव्हा हातातली पेन्सिल खाली टाकली होती. "हीच," तो म्हणाला होता, "आता दुसरी कुणी नाही." पहिल्या भागातलं बोलणं ध्वनिमुद्रित झालं, ओरडणं चित्रं आल्यावर घ्यायचं ठेवलं. ते बोलणं चित्रं काढायला दूर सोल शहरात गेलं, आणि तिथल्या चित्रकारांनी ठिणगीच्या ओठांची एकेक हालचाल मार्लिसच्या बोलण्यावरून काढली.

"चित्रं आली ना परत?" मार्लिसने विचारलं.

"आली. फार सुंदर आलीत गं."

"मग?"

"वरच्यांनी पाहिली. ते म्हणाले, एवढी चांगली नायिका आहे, तर आवाजाला नाव हवं. लोकांना माहीत असलेलं." त्याने चष्मा घातला. "शेल्बी रोर्क बोलून गेली परवा."

शेल्बी रोर्क म्हणजे रोज रात्री टीव्हीवर दिसणारी, दात दाखवणारी पोरगी.

"माझ्या तोंडावर?"

"मार्लिस..."

"ती चित्रं माझ्या बोलण्यावर काढलीत. मी जिथं श्वास घेतला तिथं ती श्वास घेते. आणि त्यावर त्या पोरीला चिकटवलंत? आणि परवा झालं हे, तर तुला मला एक फोन करता आला नाही?"

"तुला वाईट वाटेल म्हणून. समोर सांगावं म्हटलं."

"समोर तरी कुठं सांगितलंस रे? कागद ठेवलास."

वीस वर्षांची ओळख, याच्या घटस्फोटात हिने त्याला महिनाभर जेवायला घातलेलं, आणि हा मख्खासारखा बसून. मार्लिसने संतापाने हातातला कागद काचेला लावला.

"आणि हे ओरडणं? ते ती का नाही करत?"

"तिचं सिनेमाचं शूटिंग आहे. घसा जपायचाय. तिच्या वकिलानं लिहूनच घेतलंय, किंचाळणार नाही म्हणून."

"वा. बोलायला ती, मार खायला मी."

"सोमवारी भाग पुरा करून चॅनेलला द्यायचाय, मार्लिस. तुझ्याशिवाय कोण करणार?"

"आणि नाव?"

डेल्बर्टने मान खाली घातली. "तेही करारात आहे. ठिणगीचा आवाज म्हणून दुसरं नाव येणार नाही."

ती तेव्हाच निघून गेली असती. पण नवरा घरी होता, व्हर्लिन, हृदयाची दोन ऑपरेशनं झालेला. त्याच्या औषधपाण्याचा विमा तिच्या कामावर चालायचा, आणि वर्षभरात पुरेसं काम नोंदवलं गेलं नाही की कलाकारांची युनियन विमा बंद करायची. आजचं काम धरलं की यंदाचं भरत होतं. डेल्बर्टला हे पक्कं ठाऊक होतं. तिला खरा राग याचाच होता.

"लाव चित्र," ती म्हणाली आणि कानावर हेडफोन चढवला.

पडद्यावर ठिणगी आली. पोटात लाथ बसली, मार्लिस कण्हली. हात भाजला, तिने दातांतून श्वास ओढला. ती भिंतीवर आपटली. प्रत्येक वेळी डेल्बर्ट म्हणायचा, "छान, आता एक जादा." या धंद्यात ते सगळेच म्हणतात, पहिलं बिघडलं तर हाताशी असावं म्हणून, आणि सगळेच मुकाट्याने देतात. मार्लिसने दिलं.

मग छतावरून पडणं आलं. मार्लिसने पाय फाकवून रोवले. त्या किंकाळीत पडण्याची भीती कुठेच नव्हती. त्यात नुसता राग होता, पेटलेल्या बसमधल्या बाईचा, दासीचा, तिचा स्वतःचा. रूबेनने झटकन हेडफोन काढून फेकला.

"गेलं ते," रूबेन म्हणाला. "मीटरचा काटा पार लाल पट्ट्यात गेला. आवाज फाटलाय, वापरता नाही येणार."

"काही हरकत नाही," डेल्बर्ट घाईघाईने म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "जबरदस्त होती, मार्लिस. थोडं मागे सर माइकपासून आणि एक जादा दे."

"नाही."

"अगं, एकच. ही नसेल तर भाग पुरा होत नाही."

"कळतंय मला. कामाला आले, काम केलं, तशी नोंद घाल. घालशील ना?"

"घालीन. पण हे आजच्याआज हवंय. वरच्यांना मी काय सांगू? ते तुला पुन्हा बोलावणार नाहीत."

"सांग, ठिणगीचा आवाज कुणाचा ते करारात लिहिलंय. तिलाच बोलाव."

तिने हेडफोन खुंटीला अडकवला, कोटाची बटणं वरपासून खालपर्यंत लावली आणि दार उघडलं. रूबेन उठून उभा राहिला. तोच तुकडा फिरून फिरून दाखवायला लावलेलं चित्र बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. तिच्या पाठीमागे पडद्यावर ठिणगी छतावरून पडत होती, तोंड पूर्ण उघडलेलं, आवाज नाही. खाली पोचायच्या आत ती परत छतावर दिसायची आणि परत पडायची.