एक्केचाळीस दात

साहेब, तुम्ही अहवालात खोटं लिहिलंत. “चालकाने कोणाचीही परवानगी न घेता दवाखान्याच्या जीपचे गिअर स्वतःच्या घरी उघडले.” वाक्य तुमचं, खाली सही तुमची, आणि सही करताना हे खोटं आहे हे तुम्हाला पक्कं माहीत होतं.

मी त्या चालकाची बायको. बटणांच्या कारखान्यात पाकिटं भरते. पंधरा वर्षं दिवसभर बटणं मोजतेय. गाडीतलं मला ओ का ठो कळत नव्हतं. आता कळतं, निदान तुमच्यापेक्षा जास्त.

सुरुवात टायरांपासून झाली. जुने झिजले, भांडारात त्या मापाचे नव्हते, म्हणून तुम्ही एक माप मोठे पाठवलेत. जीप दिसायला रुबाबदार झाली आणि चढावर धापा टाकायला लागली. चाक मोठं झालं की इंजिनाला जास्त जोर लागतो, एवढी साधी गोष्ट. वर खाणीच्या वसाहतीकडे जाणारा सिमेंटचा रस्ता तर भिंतीसारखा उभा. नवऱ्याने तीन अर्ज केले, की पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शियलचे, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांना देणाऱ्या पेट्यांचे, गिअर बदलून द्या. तिसऱ्या अर्जानंतर तुमचा फोन आला. आमचा फोन असा आहे की पलीकडचं बोलणं अर्ध्या घराला ऐकू येतं.

“तुला येतं ना रे ते काम? वर्कशॉपला मेकॅनिक नाही. गिअरचे डबे पाठवतो, घरीच करून टाक. कागदाचं मी बघतो.”

“साहेब, लेखी मिळालं असतं तर...”

“अरे, मी सांगतोय ना!”

फोन ठेवून नवरा म्हणाला, “कागदाचं साहेब बघणार आहेत.”

“बघतील की,” सासूबाई म्हणाल्या. “नुसतं बघायला काय जातंय?”

दोन डबे आले. दोन्हींवर तुमच्या भांडाराचा गोल शिक्का आणि ३९/८ असा आकडा. नवऱ्याने मला समजावलं. आत एक लहान गिअर, आठ दातांचा. एक ताटाएवढा मोठा, एकोणचाळीस दातांचा. शाफ्टचे पाचाला थोडे कमी फेरे झाले की चाकाचा एक होतो.

“पुढचं आणि मागचं अगदी सारखं पाहिजे,” तो म्हणाला. “पुढची चाकं एक म्हणतात, मागची दुसरं म्हणतात, असं झालं तर कच्च्या रस्त्यावर चाक घसरतं, निभावून जातं. पण सिमेंटवर चारही चाकांना जोर दिला की आतल्या आत पीळ बसतो. मग काहीतरी तुटतंच.”

“म्हणजे आपल्या दोघांसारखं.”

“आपण अजून कच्च्या रस्त्यावर आहोत म्हणून निभावतंय.”

मागचं काम एका रविवारी झालं. त्या गिअरचे दात त्याने स्वतः मोजले, एका दातावर खडूची खूण करून. कागदासारख्या पातळ चकत्या घालायच्या, दातांना पिवळा रंग लावून फिरवायचं, ठसा बरोबर मध्ये उमटला नाही की सगळं परत उघडायचं. चार वेळा उघडलं त्याने. पाठ मोडली, पण घाई केली नाही. तुमच्या अहवालात “निष्काळजीपणा” हा शब्द आहे.

पुढच्या रविवारी पुढचं. तो जीपखाली आडवा, दोन्ही हात काळ्या ऑईलमध्ये. म्हणाला, “हे तू मोज. तुझा धंदाच तो.”

मी खडूने खूण केली आणि बोट फिरवत मोजले.

एक्केचाळीस आले.

डब्यावर पाहिलं. एकोणचाळीस, गोल शिक्का. पंधरा वर्षांत माझ्या पाकिटात एक बटण कमी-जास्त निघालेलं नाही. तरी मला वाटलं, छापलेलं कसं चुकेल, आपलंच बोट कुठेतरी दोनदा पडलं असेल. परत मोजायला हवं होतं. आतून सासूबाई चहा गार होतोय म्हणून ओरडत होत्या.

“किती?”

“एकोणचाळीस.”

“नक्की?”

“डब्यावरही तेच आहे.”

“डब्याचं सोड. तू मोजलंस ना? मग झालं.”

अंगणातल्या खडीवर गाडी छान चालली. खडीवर चालणारच होती.

तिसऱ्या दिवशी खाणीवरून फोन आला. वजनकाट्यावरच्या माणसाच्या छातीत कळ आली होती. नवरा निघाला. सिमेंटचा चढ लागला तसा त्याने चारही चाकांना जोर दिला. वसाहतीच्या दोन वळणं खाली स्टिअरिंग जड झालं, हिसके बसले, आणि मधला गिअरबॉक्स फुटला. तो धावत वर गेला. लोक तोवर त्या माणसाला एका उखडलेल्या दारावर निजवून खाली आणत होते. बंद जीपपाशी पोचले तेव्हा त्याचा श्वास थांबला होता. नवऱ्याच्या शर्टाची बाही त्याच्या मुठीत तशीच होती.

ट्रॅक्टरने ओढून जीप आमच्याच अंगणात आणली. नवऱ्याने पुढचं उघडलं, मोजलं. परत मोजलं. माझ्याकडे पाहिलं आणि चिंधीने हात पुसत बसला.

चौकशीच्या खोलीबाहेर मी बाकावर होते. आतून तुमचा आवाज आला, “दात कोणी मोजले?”

“मी,” तो म्हणाला.

घरी आल्यावर मी सांगितलं, “अहो, मला एक्केचाळीसच आले होते.”

तो पाना पुसत राहिला. “माहीत आहे. तू मोजताना चुकत नाहीस.”

त्यानंतर त्याने मला काही मोजायला सांगितलेलं नाही. परवाना तुम्ही काढून घेतलात. दीड महिना तो उंबऱ्यावर बसून आहे. वजनकाटेवाल्याची बायको रोज आमच्या फाटकावरून जाते आणि मान वळवते. तिच्या लेखी तिचा नवरा माझ्या नवऱ्याने मारला.

सोमवारी मी तिच्या दारात जाणार आहे. माझे दोन दात मी तिला सांगणार आहे, हातचं काही न राखता. मग ती मला दाराबाहेर काढो, नाहीतर थोबाडीत मारो. पण ती पुढचंही विचारेल. तुमच्या माणसांनी गिअर उचलून नेले, डबा विसरले. तो माझ्या ट्रंकेत आहे, शिक्क्यासकट. तो मी तिच्यापुढे ठेवेन. “कागदाचं मी बघतो” हेही सांगेन, तुमच्याच आवाजात.

तर सोमवारच्या आत मला लेखी कळवा, या वेळी तोंडी नको. गिअर घरी उघडायला कोणी सांगितलं? आणि एक्केचाळीस दातांच्या डब्यावर एकोणचाळीसचा शिक्का कोणी मारला?

बोला साहेब. कोणी?