न उचललेले नऊ फोन

आमच्या ऑफिसात शून्य दाबलं की मी लागते. गेली बावीस वर्षं. लिफ्टची देखभाल करणारी कंपनी आहे आमची. बाहेरचा प्रत्येक फोन आधी माझ्या कानात येतो, मग मी तो ज्याच्या त्याच्या टेबलावर पाठवते. सगळे मला ‘शून्यताई’ म्हणतात. म्हणेनात का! शून्य पुसलं तर दहाचा एक व्हायला वेळ लागत नाही.

गेल्या वर्षी आमच्या साहेबांनी फोनची नवी यंत्रणा आणली. फोन वाजला की करणाऱ्याचा नंबर दिसणार, आणि कोण कोणाशी किती मिनिटं बोललं याची कॉम्प्युटरात नोंद होणार. म्हणे शिस्त लागावी म्हणून. शिस्त कसली, आम्ही कोणाशी गप्पा मारतो ते त्यांना बघायचं होतं. दर सोमवारी नोंदींचा कागद निघायचा आणि साहेब त्यावर लाल पेनने रेघा मारत बसायचे.

त्यांचा आणखी एक नियम होता. तक्रार आली की ती आधी त्यांच्याकडे, अकरा नंबरवर द्यायची. त्यांनी हो म्हटल्याशिवाय लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना सांगायचं नाही. एकदा मी परस्पर मिस्त्रींना पाठवलं होतं, तर साहेबांनी सगळ्यांदेखत मला फैलावर घेतलं. तेव्हापासून मी तो नियम मुकाट्याने पाळत होते. त्याची आज मला लाज वाटते.

कारण त्या पंधरवड्यात एका निवृत्त शिक्षिकेचा फोन पुन्हा पुन्हा येत होता. "अहो, आमची लिफ्ट चौथ्या मजल्यावर वीतभर खाली थांबते. पाय अडकतो माझा." मी फोन अकरावर द्यायचे, तो वाजत राहायचा, साहेब उचलायचे नाहीत. असं नऊ वेळा झालं. नवव्यांदा बाई म्हणाल्या, "तुम्ही निदान ऐकून तरी घेता हो." दुसऱ्या दिवशी त्या लिफ्टमधून बाहेर पडताना ठेचकाळल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं.

साहेबांनी मालकांना कळवलं, मिस्त्रींना सांगितलं होतं, तेच गेले नाहीत. चोराच्या उलट्या बोंबा! तीस वर्षं लिफ्टच्या दोऱ्या तपासणारा माणूस, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, आणि आता चौकशी होऊन नोकरी जायची वेळ. मिस्त्री माझ्या फोनच्या बोर्डापाशी आले. हाताचं ग्रीस पुसत राहिले.

"ताई, मला सांगितलं होतं का हो कोणी? हल्ली विसरायला होतं मला. घरी पण सगळे तेच म्हणतात. माझ्याच डोक्यातून गेलं असेल का?"

माझ्या अंगाची आग आग झाली. नोकरी घ्यायला निघालात ते निघालात, पण त्या माणसाचा स्वतःवरचा विश्वासही घेतलात? मी तडक नोंदी उघडल्या. त्या पंधरवड्याचं पान कोरं होतं. कोणीतरी सगळं पुसलं होतं, आणि पुसायचा पासवर्ड एकाच माणसाकडे होता.

त्याच दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"उद्या मालक येतायत. तक्रार मिस्त्रींना दिली होती, एवढंच म्हणायचं तुम्ही." आणि त्यांनी एक कागद पुढे सरकवला. लाल रेघांनी भरलेला. रोज एक वाजून दहा मिनिटं, माझ्या घरचा नंबर, चार मिनिटं. "कंपनीच्या फोनवरून, कंपनीच्या वेळेत. वर्षभर चाललंय हे. तुम्ही माझं सांभाळा, मी तुमचं सांभाळतो."

खोटं नव्हतं ते. माझ्या सासूबाईंना नीट दिसत नाही. दुपारी डोळ्यांत औषध घालायचं असतं आणि घरात कोणी नसतं. एकदा त्यांनी कानाचं औषध डोळ्यात घातलं होतं. तेव्हापासून मी फोनवर थांबते. "पांढऱ्या बुचाची बाटली, आई. निळ्याची नव्हे." जेवायच्या सुट्टीत बोर्ड सोडता येत नाही, म्हणून बोर्डावरूनच.

साहेब बोलत होते आणि माझी नजर त्यांच्या टेबलावरच्या फोनकडे गेली. त्यावरचा बारीक लाल दिवा लुकलुकत होता. न उचललेले फोन त्या यंत्रात वेगळे साठतात आणि ते पुसेपर्यंत दिवा विझत नाही. कॉम्प्युटरमधून पुसलं तरी तिथे राहतात. एवढ्या हौसेने यंत्रणा आणली, पण तो दिवा कसा घालवायचा हे काही साहेबांना शिकता आलं नाही. दर महिन्याला मलाच बोलवायचे. या महिन्यात विसरले होते.

"दिवा घालवू का, साहेब?" जिभेवर आलेलं मी गिळलं आणि "येते" म्हणून निघाले.

दुसऱ्या दिवशी त्याच केबिनमध्ये मालक बसले. मिस्त्री दाराशी उभे होते, खाली मान घालून.

"ताई, तक्रार तुम्ही मिस्त्रींना दिली होती?" मालकांनी विचारलं.

"नाही. साहेबांना दिली. नऊ वेळा."

"ताई, नीट आठवा हं," साहेब म्हणाले आणि त्यांचा हात त्या कागदाकडे गेला.

"द्या इकडे, मीच दाखवते." मी कागद त्यांच्या हातून घेऊन मालकांसमोर ठेवला. "हे माझे घरचे फोन. सगळे खरे आहेत. सासूबाईंच्या औषधासाठी करते. काय शिक्षा द्यायची ती द्या. आता तो टेबलावरचा फोन स्वतःकडे वळवा आणि लाल दिव्याखालचं बटण दाबा."

मालकांनी बटण दाबलं. पडद्यावर नंबर येऊ लागले. शिक्षिकाबाईंचा नंबर मला पाठ होता. मी तो आधी मोठ्याने सांगितला, मग मालक एकेक तारीख वाचत गेले. नऊ तारखा.

"यंत्रात काहीतरी बिघाड असेल," साहेब म्हणाले.

"यंत्र तुम्हीच आणलंत, साहेब."

मग दाराशी मिस्त्रींनी मान वर केली.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

"नव्हतात, मिस्त्री. तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा."

मिस्त्री कामावर राहिले. साहेबांमागे चौकशी लागली. मलाही ताकीद मिळाली, घरचे फोन बंद. मी ताकिदीच्या कागदावर ‘मिळाला’ एवढंच लिहून सही केली. ‘मान्य’ लिहिलं नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी मी सगळ्यांसमोर घरचा नंबर फिरवला.

"पांढऱ्या बुचाची, आई."

"अगं, एवढ्या मोठ्याने का बोलतेस? मला दिसत नाही, ऐकू येतं."

"नोंद होतेय, आई."

"कसली नोंद?"

"मी तुम्हाला फोन केला याची. घाला औषध, मी थांबलेय."

त्या दिवशी पाच मिनिटं झाली.