केरूची झोप

मीठ-मिरच्यांची मूठ केरूवरून सहा वेळा उतरली. सातव्यांदा ती त्याच्या छातीपाशी अडली.

दृष्ट आपलीच लागली, याबद्दल चंद्रभागेला शंका नव्हती. पंचवटीच्या फुलबाजारात, तिसऱ्या पाटीपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने, ती रोज सांगायची, "विंचूरचा कांदा कलकत्त्याला न्यायला बाकीच्या डायवरांना पाच दिस. माझा केरू तिसऱ्या दिशी हजर. डोळ्याला डोळा नाय."

"घोडाबी उभ्यानं झोपतो गं," शेजारची नवसाबाई गजऱ्याचा दोरा तोडत म्हणायची.

दोन महिन्यांत केरूचे गाल बसले होते. आताही पुढ्यातली भाकरी सोडून तो नुसते दात खात होता.

"आटप आई. गाडी भरून उभी हाय."

तिच्या मुठीखाली, बसल्या जागी त्याचं काळीज चढ चढल्यासारखं पळत होतं. आणि खिशात काहीतरी करकरलं. तिने ओढून काढलं. गोळ्यांची पट्टी, अर्धी रिकामी.

"झोप उडवायची हाय. समदेच घेत्यात. पुंजाबी घ्यायचा."

नाव तोंडातून गेलं आणि तोच थांबला. पुंजा त्याच्या आधी त्याच गाडीवर होता. बत्तीस वर्षांचा, दारूला न शिवलेला. छाती धरून स्टेअरिंगवरच गेला. लोक म्हणाले, करणी.

केरू खाली बघत म्हणाला, "परवा घाटात रस्ताभर म्हशी दिसल्या. ब्रेक मारला. एकबी नव्हती."

उतरवलेल्या मिरच्या कुणी परत डब्यात टाकत नाही. चंद्रभागेने टाकल्या.

"चावी दे," ती म्हणाली. "आधी दवाखाना. मग झोप."

डॉक्टरांनी छातीचा आलेख काढला. गोळी पुन्हा घेतली तर हृदय वाटेतच थांबेल, असं दोघांकडे बघून सांगितलं. चावी मालकाला परत गेली.

दुसऱ्या दिवशी बाजारात नवसाबाईने विचारलंच, "कुठवर पोचला गं तुझा घोडा?"

"गाडी दुसऱ्यानं नेली."

नवसाबाईचा दोरा हातातच राहिला. चंद्रभागेने शेवंतीवर पाणी शिंपडलं, पदर सारखा केला, आणि आज चौथ्या पाटीपर्यंत जाईल असा आवाज लावला.

"माझा केरू कालच्या दुपारपासनं घोरतोय. घराचे पत्रे हालत्यात."