बाल्कनीतला सूर्य

नाटकात सूर्यदेवाचं काम कुणी नट करत नव्हता. गोष्ट ग्रीकांची, जुनी: सूर्यदेवाचा एका तरुणावर जीव जडतो, दोघं थाळीफेक खेळतात, आणि देवाच्याच हातची थाळी लागून तो तरुण मरतो. शाळेच्या पुस्तकांत त्यांना ‘मित्र’ म्हणून वेळ मारून नेतात. दिग्दर्शिकाबाईंनी नवं नाटक लिहिताना त्यांना सरळ प्रियकर केलं आणि देवाच्या जागी ठेवला फक्त प्रकाशाचा एक झोत, बाल्कनीतून हातानं फिरवायचा. तो फिरवणाऱ्या मुलाला सगळी मंडळी आपसूकच ‘देवा’ म्हणू लागली.

“देवा, माझ्या तोंडावर नाही रे कधी एवढ्या मायेनं लाइट मारत,” तरुणाच्या बापाचं काम करणारे म्हातारे अण्णा तालमीत म्हणायचे.

“तुमच्यावर जास्त मारला तर रंग उघडा पडतो, अण्णा.”

सगळे हसायचे. तरुणाचं काम करणारा लंबू खाली बघून हसायचा. तो आणि देवा एकाच घरात राहायचे. मंडळीला ठाऊक होतं, पण देवाच्या आईबाबांच्या लेखी लंबू म्हणजे भाडं वाटून घेणारा एक पोरगा. त्यावरून दोघांची भांडणं झाली होती. शेवटी लंबू एवढंच म्हणाला होता, “नाटकात तरी सगळ्यांसमोर माझ्याकडे बघतोस ना. सध्या तेवढ्यावर भागवतो.”

पहिला प्रयोग दुपारचा होता. आईबाबा न कळवता आले. नाट्यगृह भरलेलं, म्हणून व्यवस्थापकानं कौतुकानं त्यांना बाल्कनीत, अगदी दिव्याच्या शेजारी खुर्च्या टाकून दिल्या. “तुमच्या मुलाचं काम जवळून बघा,” म्हणाला.

बाबांनी ते फारच मनावर घेतलं. रंगमंचाकडे कमी आणि देवाच्या हातांकडे जास्त बघत होते. “हे तू करतोस? सगळं हातानं?” त्यांनी हळूच विचारलं. देवानं मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा बाप आपल्या कामावर खूश आहे, हे त्याला अंधारातही कळत होतं, आणि तो दिव्याची मूठ आणखी घट्ट धरत होता.

शेवटच्या प्रवेशात बाकीचे दिवे मंद होत जायचे. झोत आवळत आवळत ओंजळीएवढा व्हायचा, लंबूच्या कपाळावरून पापण्यांवर, तिथून ओठांवर उतरायचा आणि तिथंच थांबायचा. लंबू हात उचलून तो प्रकाश आपल्या गालाशी धरायचा आणि मरायचा. बाई तालमीत ओरडायच्या, “दाखवू नकोस त्याला, स्पर्श कर.” देवाला ते शिकवावं लागलं नव्हतं.

झोत कपाळावर आला. बाबा पुढे वाकले. देवाला एकदम वाटलं, आता या हाताची हालचाल बघून आंधळ्यालाही कळेल. त्यानं दिव्याच्या तोंडाशी असलेली पत्र्याची पट्टी खाली ओढून झोत झाकला.

रंगमंचावर उरला मंद, निळसर, कुणाचाच नसलेला उजेड. लंबूनं हात उचलला. क्षणभर वाट पाहिली. मग बोटं उघडी ठेवून तो हात हवेत इकडेतिकडे फिरला, हरवलेली वस्तू चाचपावी तसा, आणि खाली पडला. टाळ्या पडल्या. लोकांना ते आवडलं, हे देवाला सगळ्यात जास्त लागलं.

मेकअप रूममध्ये लंबू आरशासमोर कापसानं रंग पुसत होता. आईबाबांना घेऊन देवा दारात आला, तेव्हा लंबूनं आरशातूनच नमस्कार केला.

“छान केलंस हो काम,” आई म्हणाली. “मला रडूच आलं. पण शेवटी तू हात कुणाकडे करत होतास? काही दिसलंच नाही.”

“दिवा गेला, आई,” देवा घाईनं म्हणाला.

“हो काकू,” लंबूनं लगेच सावरून घेतलं. “जुना झालाय. दगा देतो कधी कधी.”

“छे, दिवा चांगला होता,” बाबा म्हणाले. आपण एवढं बारकाईनं पाहिलं याचा त्यांना अभिमानच होता. “यानंच पट्टी ओढली की. मी शेजारीच होतो. मला वाटलं, नाटकात तसंच असेल.”

लंबूचा कापूस गालावरच थांबला. अर्धा चेहरा रंगाचा, अर्धा त्याचा स्वतःचा. त्यानं देवाकडे पाहिलं नाही.

“हो, काका,” तो म्हणाला. “तसंच असेल.”

त्याच्या आवाजात राग असता तर देवाला बरं वाटलं असतं. तो नव्हता. रोजचीच गोष्ट असल्यासारखं तो बोलला होता. जमिनीनं पोटात घ्यावं म्हणतात, तसं काही होत नाही. माणूस दोन पायांवर तिथंच उभा राहतो.

“नाटकात तसं नाहीये, बाबा,” तो म्हणाला.

“मग कसं आहे?”

बाबांनी साधाच प्रश्न विचारला होता. आई मात्र एकदा देवाकडे, एकदा लंबूकडे बघू लागली.

देवानं दार लावून घेतलं. “बस, आई.”

खोलीत खुर्ची एकच होती. लंबूनं उठून ती काकूंपुढे सरकवली, कापूस टोपलीत टाकला आणि तो दाराकडे निघाला. “तुम्ही बोला. मी बाहेर आहे.”

“जाऊ नकोस,” देवा म्हणाला.

लंबू थांबला. कडीवरचा हात त्यानं काढला नाही, आणि मागेही वळला नाही.

“बाबा,” देवानं सुरुवात केली, आणि लंबूच्या कडीवरच्या हातावर आपला हात ठेवला.