लेबाकुंडा, उत्तर काठ

दिनकर सबनीसांनी साऱ्या आफ्रिकेचे नकाशे काढले होते, पण कोलकात्यातल्या कोलकात्यात बालीगंजहून दमदमला जायचं म्हटलं तरी ते काहीतरी सबब काढायचे. शाळेच्या अ‍ॅटलासांसाठी नकाशे काढता काढता नोकरी संपली, आणि घरात उरली ती दोनच माणसं: पेपरातली जाहिरातसुद्धा न सोडणारे ते आणि रोज दाणे भाजणाऱ्या त्यांच्या पत्नी, लीलाताई. सगळं आयुष्य कोलकात्यात काढूनही लीलाताईंचं मोहरीच्या तेलाशी कधी जमलं नाही. त्यांचा स्वयंपाक दाण्याच्या कुटावर चालायचा.

त्या दिवशीही कढईत उलथनं फिरत होतं. लीलाताई सहज म्हणाल्या, "लेबाकुंड्याला सुगीत असाच वास सुटायचा. होड्या भरभरून शेंगा जायच्या."

दिनकररावांचा कप बशीवर जरा जोरातच टेकला.

लेबाकुंडा नावाचं गाव जगात कुठेही नव्हतं. ते त्यांनीच वसवलं होतं. नकाशा चोरून छापणारा पकडता यावा म्हणून प्रत्येक नकाशात एक खोटं गाव पेरायची त्यांच्या कचेरीची रीत होती, आणि ते कोणतं हे घरीसुद्धा सांगायचं नसे. दिनकररावांच्या वाट्याला गांबिया आला होता. एका नदीचे दोन काठ, एवढाच तो देश. नदी इंग्रजांना हवी होती, भोवतालचा मुलूख फ्रेंचांना. म्हणून दूर पॅरिसमध्ये बसून साहेबांनी नदीच्या दोन्ही अंगांनी हद्द ठरवली आणि तिकडचे सोयरेधायरे दोन सरकारांत वाटले गेले. त्या भागात 'कुंडा' लागलेली गावं पुष्कळ, म्हणून दिनकररावांनी लेबाकुंडा हे नाव जुळवलं आणि नदीकाठी एक टिंब दिलं.

"कुठे वाचलंस हे?" त्यांनी विचारलं.

"वाचायचं कशाला? माहेर आहे माझं."

लीलाताईंचं माहेर दोन गल्ल्या सोडून होतं. दिनकररावांनी स्वतःची समजूत घातली की छापील नकाशात नाव आहेच, कधीतरी हिच्या नजरेखालून गेलं असेल. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे चालायचंच, वाद घालू नका. पण लीलाताई विसरत काहीच नव्हत्या. दूधवाल्याचा खाडा, दिनकररावांची गोळी, विहिणीचा वाढदिवस, सगळं त्यांच्या ध्यानात असायचं, आणि त्याच्याच जोडीला नदीकाठची शेतं, होड्या, आई.

मग एकदा भाजी निवडताना त्या म्हणाल्या, "आम्ही आधी दक्षिण काठावर होतो हो. एक दिवस जमीनच खरवडून काढली. मला उचलून इकडे ठेवलं, आई तिकडेच राहिली. तिथे आता काही उगवत नाही."

दिनकरराव घाबरले. कारण टिंब त्यांनी आधी दक्षिणेलाच दिलं होतं. तिथे गावाचं नाव हद्दीच्या रेघेवर जात होतं, म्हणून सगळे जेवायला गेले असताना त्यांनी ब्लेडने ते खरवडलं आणि उत्तरेला नवं दिलं. छापील नकाशात त्याची खूणही नव्हती. ती होती फक्त शाईने काढलेल्या मूळ पारदर्शक फिल्मवर, आणि फिल्म कचेरीच्या कपाटात.

त्यानंतर लीलाताईंचं जेवण तुटलं. "आई भेटल्याशिवाय घास उतरत नाही," म्हणायच्या, आणि दाणे मात्र रोज भाजायच्या. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. रात्री उशीवर लीलाताईंचा श्वास ऐकत दिनकरराव पडून राहत. हिच्यावाचून या घरात एक दुपारही निघायची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी कचेरीत फोन केला. त्यांच्या जागी आलेला उदय दुसऱ्या दिवशी स्वतःच फिल्म घेऊन आला.

"काका, हे लेबाकुंडा उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही. नव्या आवृत्तीतून काढू ना?"

"आत्ता नको," दिनकरराव म्हणाले.

उदय गेल्यावर त्यांनी फिल्म खिडकीपाशी टेबलावर पसरली. उत्तर काठावर त्यांचं रेखीव टिंब होतं. दक्षिण काठावर तेवढीच एक भुरकट, ओकीबोकी जागा होती. तिच्याकडे पाहताना त्यांना सगळं एकदम सोपं वाटलं, आणि इतक्या दिवसांत सुचलं कसं नाही याचं हसूही आलं.

"लीला," त्यांनी हाक मारली, "तुला आईकडे पोचवतो."

स्वयंपाकघरातलं उलथनं थांबलं. "खरंच?"

"अगदी आत्ता."

"थांबा हं, दाणे होऊ देत," त्या म्हणाल्या, आणि उलथनं पुन्हा फिरू लागलं.

पण दिनकररावांना धीर धरवेना. जुन्या पेटीतून त्यांनी ब्लेड काढलं. आधी खरवडायचं, मग काढायचं, हाताला तीच सवय. उत्तरेचं टिंब अलगद भुकटी होऊन निघालं; त्यांनी फुंकर मारली. मग लेखणीत शाई भरून त्यांनी दक्षिण काठावर टोक टेकवलं. शाई फुटली, पसरली. त्यांनी ती टिपून घेतली आणि पुन्हा टेकवलं. पुन्हा पसरली. खरवडलेल्या जागी शाई धरत नाही, हे तर ते नोकरीभर प्रत्येक नवशिक्याला बजावत आले होते.

नदीच्या दोन्ही काठांवर आता एकसारख्या दोन भुरकट जागा होत्या.

"लीला," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातून दाणे करपल्याचा वास येऊ लागला.