कपाटाच्या अलीकडे

बेसबॉलमध्ये हात कधी लांब करायचे, हे मला आमच्या दिंडोशीच्या खोलीने शिकवलं. ओटा आणि दार यांच्या मधल्या जागेत, भिंतीकडे तोंड करून, मी रोज संध्याकाळी चेंडूशिवाय नुसती बॅट फिरवायचे. कोपरं बाहेर गेली की बॅट भिंतीवर आपटायची, म्हणून ती बरगड्यांशी ठेवायची सवय लागली. आमच्या कोच पद्मजा मॅडम खूश. बॅटला वेग तिथूनच येतो, म्हणायच्या. आणि बॉल लागला की दोन्ही हात पुढे पूर्ण सोडायचे, तेव्हाच तो लांब जातो. दाराकडची जागा मोकळी होती, तिथे माझे हात सुटायचे. राज्याच्या टीममध्ये पुढच्या वर्षी तू असणारच, असं मॅडम सगळ्यांदेखत बोलल्या होत्या.

मग हर्षददादाचं लग्न ठरलं आणि त्या मोकळ्या जागेत कपाट आलं. आरशाचं. दादाने मला विचारलं नाही. विचारेल कशाला? त्याच्या लेखी माझा खेळ म्हणजे लग्नापर्यंतचा टाइमपास. मी आईशी भांडले, रडले. मैदान आम्हाला फक्त रविवारी मिळतं, बाकी दिवस क्रिकेटवाल्यांचे, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"जरा आवरून मार ना," ती म्हणाली. "घर सगळ्यांचं आहे."

मारलं आवरून. वर्षभर.

निवड चाचणीला बॅट पूर्वीसारखीच सपकन यायची, बॉल बरोबर लागायचा आणि जवळच पडायचा. प्रत्येक वेळी. शेवटी मॅडम जवळ आल्या.

"लागल्यावर हात सोड गं, ऋतिका. का आवरतेयस?"

मी सोडतच होते. निदान मला तसं वाटत होतं. संध्याकाळी टीम सांगितली, तिच्यात मी नव्हते.

घरी आले तेव्हा दादा-वहिनी बाहेर गेले होते. आई भाजी चिरत होती. मी बुटांसकट माझ्या जागी उभी राहिले आणि ठरवलं, आज हे कपाट फोडायचं. दादाला काय बोलायचं ते बोलू दे. कोपरं आत घेतली, कंबर वळवली, जीव खाऊन बॅट फिरवली.

ती आरशाच्या वीतभर अलीकडे थांबली. मी थांबवली नव्हती. पुन्हा फिरवली, पुन्हा तिथेच.

आईने मान वर केली.

"बघ," ती कौतुकाने म्हणाली, "जमतं की नाही तुला?"